एम-५ चे ब्रेक आणि एम-५ चे पेट्रोल

बीएमडब्ल्यूची एम-५ दिसायला चार दारांची, घरच्यांना घेऊन प्रवासाला निघावे अशी सेडान. पण २०२४ मध्ये आलेल्या नव्या एम-५ ची ताकद ७२७ अश्वशक्ती आहे आणि वजन २,४३५ किलो, म्हणजे आधीच्या पिढीपेक्षा सुमारे पाचशे किलो जास्त. अशा गाडीबद्दल बोलणारे पुष्कळ असतात. तिचे ब्रेक आणि तिचे पेट्रोल या दोन बाबतींत मात्र चुकीच्या गोष्टी फार ठामपणे सांगितल्या जातात.

गैरसमज: ब्रेक मोठे, म्हणजे गाडी लवकर थांबते.

पहिल्या जोरदार ब्रेकपुरते तरी हे खरे नाही. पेडल पूर्ण दाबल्यावर पायाला एबीएसची थरथर जाणवू लागली, की समजावे: ब्रेककडे जोर पुरेसा आहे, कमी पडते आहे ती टायरची पकड. त्यापुढे डिस्क कितीही मोठी बसवा, अंतर टायर आणि रस्ताच ठरवणार. चांगले टायर आणि कोरडे डांबर असेल तर या जातीची गाडी ताशी १०० किलोमीटरवरून साधारण ३५-३६ मीटरमध्ये उभी राहते. टायर झिजलेले आणि रस्ता ओला असेल, तर लाखो रुपयांच्या कार्बन-सिरॅमिक डिस्कही ते अंतर राखू शकत नाहीत.

मग एवढे मोठे ब्रेक कशाला? उष्णता पचवायला. ताशी २५० वरून एम-५ थांबवायची, तर जवळजवळ ५९ लाख ज्यूल ऊर्जा जिरवावी लागते आणि तिचा मोठा भाग काही सेकंदांत ब्रेकमध्ये उतरतो. ५९ लाख ज्यूलमध्ये बादलीभर, म्हणजे १८ लिटर पाणी उकळीला येईल. जर्मनीत ऑटोबानच्या काही पट्ट्यांवर वेगमर्यादा नाही. तिथे असा ब्रेक एकदा मारून भागत नाही, थोड्या वेळाने पुन्हा मारावा लागतो. लहान डिस्क दुसऱ्या-तिसऱ्या वेळी तापून निकामी होऊ लागते आणि पॅडची पकड सुटते. ब्रेक ऑइल उकळले तर पेडल सरळ खाली जाते. डॉट-४ प्रतीचे नवे ऑइल किमान २३० अंशांपर्यंत टिकावे असा दंडक आहे. ओलावा शोषलेल्या ऑइलसाठी तोच आकडा १५५ अंशांवर येतो. आपल्या पावसाळी हवेत हा फरक साध्या गाडीच्या मालकानेही ध्यानात ठेवायला हवा.

गैरसमज: वेग थोडा वाढला, तर अंतरही थोडेच वाढते.

वेग दुप्पट, तर अंतर चौपट. ताशी २०० वरून हीच गाडी थांबायला १४० मीटर लागतात. समृद्धी महामार्गावर ताशी १२० ने जाताना पाय ब्रेकवर पोहोचायला एक सेकंद लागला, तर तेवढ्यात ३३ मीटर मागे पडलेले असतात.

गैरसमज: अश्वशक्ती जास्त, म्हणजे पेट्रोल जास्त.

२००५ च्या एम-५ मध्ये दहा सिलिंडरचे, ५०७ अश्वशक्तीचे इंजिन होते. कंपनीच्या आकड्यांनुसार तिला १०० किलोमीटरला १४.८ लिटर लागत. २०११ च्या एम-५ ला आठ सिलिंडर, दोन टर्बो आणि ५६० अश्वशक्ती, खप ९.९ लिटर. ताकद वाढली आणि पेट्रोल एक तृतीयांशाने घटले.

गैरसमज: नवी एम-५ लिटरला पन्नास किलोमीटर देते.

हा आकडा अधिकृत आहे, म्हणूनच अधिक फसवा. नवी एम-५ प्लग-इन हायब्रिड आहे. २०२४ मध्ये ती आली तेव्हा युरोपातल्या चाचणीत तिचा खप १०० किलोमीटरला दोन लिटरहूनही कमी आला, कारण तिथे बराचसा प्रवास चार्ज केलेल्या बॅटरीवर होतो असे गृहीत धरलेले होते. बॅटरी उतरली की हाच खप दहा लिटरच्या पुढे जातो. प्लग-इन हायब्रिड गाड्यांचे रस्त्यावरचे कार्बन उत्सर्जन चाचणीतल्या आकड्यांच्या सरासरी साडेतीनपट निघाल्याचे युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये जाहीर केले. असे आकडे ग्राहकापुढे ठेवणे मला अन्यायाचे वाटते.

गैरसमज: उतारावर न्यूट्रल केले की पेट्रोल वाचते.

आजच्या इंजिनात गिअर असताना ॲक्सिलरेटर सोडला, की पेट्रोलचा पुरवठा बंद होतो. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागतेच. शिवाय इंजिनाचा रोध जातो आणि सगळा भार ब्रेकवर येतो. बोरघाटात हे करणे धोक्याचे आहे.

खरा खर्च ब्रेकमध्ये आहे. ताशी १०० वरून एम-५ थांबली, की सुमारे दहा लाख ज्यूल गेले. नुसत्या इंजिनाच्या जोरावर तो वेग पुन्हा गाठायला साधारण १०० मिलिलिटर पेट्रोल जळते. हायब्रिडची मोटर हलक्या ब्रेकमधली ऊर्जा बॅटरीत परत आणते. करकचून मारलेल्या ब्रेकची बरीचशी उष्णता हवेतच जाते. म्हणून पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा आणि सिग्नल लाल दिसताच ॲक्सिलरेटर सोडा. आणि तुमच्या गाडीचे ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले, ते आजच सर्व्हिस बुकमध्ये पाहून घ्या.