बाजीराव रस्त्यावरचे रविवार

गेल्या महिन्यात नागपूरहून मावसबहीण नातवंडांना घेऊन पुण्याला आली होती. शहर दाखवणाऱ्या एका बसनं दिवसभर हिंडून संध्याकाळी दमून घरी आली. "केळकर संग्रहालय पाहिलंस ना?" मी विचारलं. "अर्धा तास दिला होता गं. दिवे, भांडी, मस्तानी महाल... सगळं धावतच." मला ते फार लागलं.

शाळेच्या सहलींतूनही माझ्या हाती असंच काही आलं नव्हतं. रांगेत चाला, हात लावू नका, एवढंच आठवतं. पाहायला शिकले ते १९८० नंतरच्या दहा वर्षांत, वडिलांबरोबर. महिन्यातल्या एका रविवारी आम्हा भावंडांना ते चालत न्यायचे. सुरुवात शनिवारवाड्यापासून. १८२८ च्या आगीत आतला वाडा गेला. तट, दरवाजे आणि जोती तेवढी राहिली. त्या जोत्यांवर उभं करून वडील विचारायचे, "सांगा, इथं भिंत होती की दार?" मग अप्पा बळवंत चौक, विश्रामबागवाड्याच्या लाकडी सज्ज्याकडे मान वर करून बघणं, आणि तिथून नातूबागेतलं संग्रहालय.

एका खेपेला एकच दालन, हा त्यांचा नियम. एक अख्खी सकाळ आम्ही अडकित्ते पाहिले. घोड्याच्या आकाराचे, जोडप्यांचे, पाखरांचे. एकाची मूठ अंगठ्याच्या जागी गुळगुळीत झाली होती. वडील त्याच्यापुढे कितीतरी वेळ उभे राहिले. "रोज कुणीतरी यानं सुपारी कातरली असेल," एवढंच म्हणाले. सुपारी कातरायच्या साध्या हत्यारावर कारागिराचा एवढा जीव! आणि अकाली गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या नावानं हे सगळं गोळा करत गावोगाव फिरलेला बाप! दिनकर केळकरांनी हा आयुष्यभराचा संग्रह राज्य सरकारच्या हवाली केला. १९९० मध्ये ते गेले. त्याच वर्षी वडिलांची बदली झाली आणि आमचे रविवार थांबले.

आज त्याच रस्त्यानं लहान मुलाचा हात धरून चालताना जीव मुठीत धरावा लागतो. पदपथावर पाय ठेवायला जागा नाही, आणि एका दिवसात सगळं पुणं उरकायची घाई. असं पळवत नेण्याला शहर दाखवणं म्हणत नाहीत.

संग्रहात वीस हजारांवर वस्तू आहेत; मांडलेल्या त्यातल्या थोड्याच. तुमच्याकडे पाहुणे आले तर त्यांना बसमध्ये बसवून देऊ नका. एक सकाळ मोकळी ठेवा, मुलांना बरोबर घ्या आणि एकच दालन दाखवा.