ओल्गा टेलिस: एका ओळीत न मावणारा निकाल

अकरावी-बारावीच्या लीगल स्टडीजमध्ये ओल्गा टेलिस खटला (१९८५) एका ओळीत उरकता येतो: उपजीविकेचा हक्क हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग. ओळ खरी, पण अर्धीच. मूळ निकाल वाचला की कळतं, मुंबईच्या फुटपाथवासीयांच्या पदरात तत्त्व पडलं, फुटपाथवर राहण्याचा हक्क नाही. विनानोटीस अतिक्रमण हटवू देणारं महापालिका कायद्याचं कलम ३१४ सर्वोच्च न्यायालयाने वैधच ठरवलं; कारवाई मात्र पावसाळा सरून महिना उलटेपर्यंत, ३१ ऑक्टोबरपर्यंत लांबवली. मग जिंकलं कोण? वर्गात वाद पेटतो तो इथे, म्हणून मूळ निकालच वर्गात वाचायला हवा. निकालाची इंग्रजी जड, पानं ढीगभर, हा आक्षेप रास्तच. पण सगळा निकाल वाचा म्हणतंय कोण? निवडक चार परिच्छेद आणि शेवटचा आदेश एका तासिकेत सहज बसतात, आणि अडलं तर मराठीत समजावायला शिक्षक आहेतच की!