माध्यमिक स्तरावरील सामाजिक शास्त्रांचे अध्ययन : क्षेत्रभेट व सहकार्यात्मक उपक्रम (तीर्थपुरी परिसराच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :
माध्यमिक शाळेत इतिहास, भूगोल व राज्यशास्त्र हे पाठांतराचे विषय मानण्याची प्रथा जुनी आहे. अभ्यासक्रमाने मात्र ही चौकट काही प्रमाणात ओलांडली आहे. महाराष्ट्रात 2018 साली लागू झालेल्या इयत्ता दहावीच्या भूगोलाच्या पाठ्यपुस्तकातील पहिलाच पाठ ‘क्षेत्रभेट’ हा असून त्यात नळदुर्ग ते अलिबाग असा प्रवास वर्णिला आहे. इतिहासाच्या पुस्तकातही ऐतिहासिक ठेव्यांच्या जतनावर स्वतंत्र प्रकरण आहे. असे असूनही क्षेत्रभेटीचा पाठ बाकावर बसूनच वाचला जातो, हा विरोधाभास अनेक शाळांत दिसतो. प्रस्तुत लेखात जालना जिल्ह्यातील तीर्थपुरी (ता. घनसावंगी) व लगतचा परिसर डोळ्यांसमोर ठेवून या अध्ययनपद्धतीचे स्वरूप स्पष्ट केले आहे.

सहल आणि क्षेत्रभेट :
सहलीत स्थळ आधी ठरते, क्षेत्रभेटीत प्रश्न आधी ठरतो. वेरूळ-दौलताबादची वार्षिक सहल आनंददायी असते व तिचे मोल नाकारण्याचे कारण नाही. परंतु एका दिवसात चार स्थळे पाहणाऱ्या विद्यार्थ्याच्या वहीत बहुधा स्थळांची नावेच उरतात.

याहून गंभीर बाब वेळेची आहे. शालेय सहली सामान्यतः हिवाळ्यात निघतात. नेमक्या त्याच काळात, ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून पुढे, मराठवाड्यातील ऊसतोड कामगारांची कुटुंबे कारखान्यांच्या वाटेला लागलेली असतात. घनसावंगी व अंबड तालुक्यांतूनही हे स्थलांतर होते. काही मुले हंगामी वसतिगृहांत किंवा आजी-आजोबांजवळ राहतात, काही आई-वडिलांबरोबर जातात. सहलीचे शुल्क भरणे या घरांना कठीण असतेच. पण शुल्क माफ झाले तरी त्या दिवशी मूल गावातच नसते. म्हणून क्षेत्रभेट जवळची असावी आणि ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये व्हावी, ही सूचना केवळ सोयीची नाही. ती वर्गातील कोणास शिकता येईल, याच्याशी निगडित आहे.

परिसरातील अध्ययनसामग्री :
घनसावंगी तालुक्यातच जांब समर्थ हे समर्थ रामदासांचे जन्मगाव (जन्म 1608) आहे. लग्नमंडपातून निघून गेलेल्या नारायणाची कथा येथील प्रत्येक मुलास ठाऊक असते. इतिहासाच्या तासाला त्यापुढे जावे लागते : ही कथा कोणत्या ग्रंथांतून आली, ते केव्हा लिहिले गेले, मंदिराची वास्तू त्याबाबत काही सांगते काय? श्रद्धेला धक्का न लावताही परंपरा व पुरावा यांतील भेद येथे शिकविता येतो. ऑगस्ट 2022 मध्ये येथील मंदिरातून प्राचीन मूर्ती चोरीस गेल्या व पुढे पोलिसांनी त्यांचा छडा लावला. मूर्तींची छायाचित्रे, मोजमापे व नोंदी का ठेवाव्यात, हे सांगण्यास याहून जवळचे उदाहरण नाही.

भूगोलासाठी कालवा पुरेसा आहे. जायकवाडी धरणाचे उद्घाटन 1976 साली झाले. त्याचा 208 किलोमीटर लांबीचा डावा कालवा छत्रपती संभाजीनगर, जालना व परभणी जिल्ह्यांना पाणी देतो. कालव्याच्या दोन्ही अंगांची शिवारे चालत पाहिली, पिकांची व विहिरींची नोंद घेतली, की एकाच तालुक्यात ऊस पिकविणारा शेतकरी आणि ऊस तोडण्यास बाहेर जाणारा मजूर का आढळतो, हा प्रश्न मुले स्वतःच विचारू लागतात. येथे ऊसतोड कुटुंबातील विद्यार्थी हा वर्गातील सर्वांत जाणकार ठरतो. कोयता, टोळी, मुकादम, उचल हे शब्द त्याला कोणी शिकवावे लागत नाहीत.

सहकार्यात्मक उपक्रम :
गट पाडले म्हणजे सहकार्य झाले, असा समज प्रचलित आहे. प्रत्यक्षात एक हुशार विद्यार्थी लिहितो व इतर सह्या करतात. यावर जिगसॉ पद्धत उपयुक्त ठरते. इलियट ॲरॉन्सन यांनी ती 1971 साली अमेरिकेतील ऑस्टिन येथे, वेगवेगळ्या वंशांची मुले प्रथमच एका वर्गात आल्याने निर्माण झालेल्या तणावाच्या पार्श्वभूमीवर विकसित केली. तिचे मर्म असे की गटातील प्रत्येकाकडे माहितीचा असा एक भाग असतो, जो इतर कोणाकडे नसतो. जांबच्या भेटीत एकाने वास्तूचा आराखडा काढावा, दुसऱ्याने ग्रामस्थांकडून आख्यायिका टिपाव्यात, तिसऱ्याने चोरीविषयीची वृत्तपत्रीय कात्रणे जमवावीत. एकच भाग हाताळणारी निरनिराळ्या गटांतील मुले प्रथम एकत्र बसून आपापल्या नोंदी पडताळतात व नंतर मूळ गटात परतून तो भाग इतरांस शिकवितात. जातीनिहाय बाके वाटून बसण्याची सवय जेथे अद्याप मोडलेली नाही, तेथे या रचनेचे महत्त्व सांगावयास नको. गट मात्र शिक्षकाने पाडावेत. मुलांवर सोपविल्यास जुनीच बाके पुन्हा तयार होतात.

मौखिक इतिहासाचा उपक्रम याच पद्धतीने घेता येतो. 17 सप्टेंबर हा मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन ध्वजवंदन व भाषणांनी साजरा होतो. 1948 मधील घटना प्रत्यक्ष आठवणारी माणसे आता ऐंशीच्या पुढे आहेत व दरवर्षी कमी होत आहेत. निजामाचे हैदराबाद संस्थान, 1956 चे द्विभाषिक मुंबई राज्य, 1960 चे महाराष्ट्र राज्य आणि 1 मे 1981 रोजी झालेला जालना जिल्हा : घर न बदलता एवढे प्रशासकीय बदल पाहिलेली व्यक्ती ही राज्यशास्त्राची जिवंत साधनसामग्री होय. प्रश्नावली वर्गात चर्चेने तयार करावी, परवानगी घेऊन ध्वनिमुद्रण करावे आणि दोन मुलाखतींत विसंगती आढळल्यास ती दडपू नये. स्मृती कशी चालते, हे तेथेच उमगते.

मूल्यमापन व महाविद्यालयाची भूमिका :
अशा कार्याचे गुण केवळ सुबक अहवालास दिल्यास सजावटीस उत्तेजन मिळते. क्षेत्रवहीतील कच्च्या नोंदी, विचारलेले प्रश्न व सहाध्यायास शिकविण्याची क्षमता यांना अधिक भार द्यावा लागतो. माध्यमिक शिक्षकाकडे वेळ अल्प असतो. येथे परिसरातील वरिष्ठ महाविद्यालयांचे इतिहास व भूगोल विभाग उपयोगी पडू शकतात : नकाशावाचन शिकविणे, जुन्या मोडी व उर्दू कागदपत्रांचे वाचन करून देणे, पदवीच्या विद्यार्थ्यांना गटमार्गदर्शक म्हणून पाठविणे आणि शाळांनी जमविलेल्या मुलाखती ग्रंथालयात सूचीसह जतन करणे. यातील शेवटचे काम कोणत्याही निधीवाचून याच शैक्षणिक वर्षात सुरू करता येते.