चॉकलेट : कोको किती, साखर किती?

आपल्याकडे कुठल्याही गोळीला चॉकलेट म्हणायची पद्धत आहे. दुकानदाराकडे सुटे पैसे नसले की तो दोन 'चॉकलेटं' हातावर ठेवतो. शाळेत वाढदिवसाला वाटतात तीही चॉकलेटंच, मग ती संत्र्याच्या स्वादाची का असेनात. नाशिक जिल्ह्यातल्या रावळगावला १९४२ पासून गोळ्या बनू लागल्या. पान पसंद, मँगो मूड ही नावं ऐकली की आपल्या पिढीच्या तोंडाला अजून पाणी सुटतं. या अशा गोळ्या म्हणजे साखर, ग्लुकोज आणि स्वाद. कोकोचा त्यात संबंधच नाही. पण घरात नाव एकच, चॉकलेट!

बोलण्यात हे चालून जातं. पण हल्ली 'चॉकलेट हृदयाला चांगलं', 'चॉकलेटमध्ये लोह असतं' असे निरोप मोबाइलवर फिरत असतात. महिला मंडळाच्या बैठकीत आरोग्याचा विषय निघाला की हमखास कोणीतरी म्हणतं, "ताई, माझी मुलगी भाजी खात नाही, पण चॉकलेट खाते. तेही पौष्टिकच की!" इथे मात्र थांबून विचारायला हवं, की आपण नेमकं कशाबद्दल बोलतोय?

कोकोचं झाड मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. फणसासारखी त्याची फळं थेट खोडाला लगडतात. फळ फोडलं की आत सीताफळासारखा पांढरा, आंबटगोड गर आणि त्यात तीस-चाळीस बिया. या बिया गरासकट पाच-सहा दिवस केळीच्या पानांखाली आंबवतात, मग वाळवतात, भाजतात. तेव्हा कुठे तो ओळखीचा वास येतो. कच्ची बी नुसती कडू आणि तुरट लागते. इक्वेडोरमध्ये सापडलेल्या भांड्यांवरून तिथले लोक ५००० वर्षांपूर्वीही कोको वापरत होते, असं २०१८ साली संशोधकांनी दाखवून दिलं.

पुढे मध्य अमेरिकेतल्या माया आणि अ‍ॅझ्टेक लोकांनी कोकोला फार मोठा मान दिला. त्यांचं चॉकलेट खायचं नव्हतं, प्यायचं होतं. बायका भाजलेल्या बिया दगडी पाट्यावर वाटायच्या (अगदी आपल्या पाट्या-वरवंट्यासारखंच साधन), त्यात पाणी, मिरची, कधी मक्याचं पीठ, कधी व्हॅनिला घालायच्या आणि एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात उंचावरून ओतून फेस काढायच्या. साखर? साखर तिथे नव्हतीच. ऊस त्या भूमीवर युरोपियनांनी नेला. म्हणजे मूळचं चॉकलेट तिखट आणि कडू. अ‍ॅझ्टेकांकडे ते मुख्यतः सरदार, योद्धे आणि बडे व्यापारी यांच्या वाट्याला यायचं.

या बिया चलन म्हणूनही चालत. १५४५ सालची मेक्सिकोतली एक भावांची यादी उपलब्ध आहे. तिच्यात चांगल्या टर्की कोंबडीला १०० बिया आणि मोठ्या टोमॅटोला एक बी असा भाव आहे. जिथे पैसा तिथे खोटा पैसाही आलाच. काही लबाड लोक बीचं टरफल पोकळ करून त्यात माती भरायचे आणि बाजारात खपवायचे!

कोलंबसाने १५०२ साली या बिया पाहिल्या, पण त्याला त्यांचं महत्त्व कळलं नाही. नंतर आलेल्या स्पॅनिश लोकांनी ते पेय उचललं आणि त्यात साखर आणि दालचिनी घातली. फेस काढायला त्यांनी लाकडी घुसळणी वापरली. ती दोन्ही तळव्यांत धरून फिरवायची, म्हणजे आपली रवीच जवळपास. युरोपातल्या श्रीमंतांना या गोड पेयाचं वेड लागलं. त्यासाठी लागणारी साखर आणि कोको पिकवायला आफ्रिकेतून माणसं गुलाम करून नेली गेली, हा त्या गोडव्यामागचा इतिहास फारसा कोणी सांगत नाही.

खायचं चॉकलेट त्यामानाने अलीकडचं. हॉलंडमधल्या व्हॅन हूटेन यांनी १८२८ साली कोकोतली चरबी दाबून वेगळी करायच्या यंत्राचं पेटंट घेतलं. चरबी एकीकडे, पावडर दुसरीकडे. १८४७ मध्ये ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने कोको, साखर आणि ती वेगळी काढलेली चरबी एकत्र करून साच्यात ओतली आणि वडी तयार झाली. स्वित्झर्लंडच्या डॅनियल पीटर यांनी १८७५ च्या सुमारास त्यात आटवलेलं दूध घातलं. १८७९ मध्ये लिंट यांनी ते मिश्रण तासन् तास घोटायची पद्धत काढली, त्यामुळे चॉकलेट रवाळ न राहता जिभेवर विरघळू लागलं. श्रीखंड पुरणयंत्रातून काढल्यावर कसं मऊसूत होतं, तसाच काहीसा प्रकार. कोकोची चरबी आपल्या शरीराच्या तापमानाच्या जरा खालीच वितळते, म्हणून चॉकलेट हातात टिकतं पण तोंडात टिकत नाही.

आपल्या देशात केरळ, कर्नाटक, आंध्र प्रदेश आणि तमिळनाडूत नारळ-सुपारीच्या बागांमध्ये कोकोचं आंतरपीक घेतात. कर्नाटकातल्या पुत्तूरला सुपारी उत्पादकांच्या 'कॅम्पको' या सहकारी संस्थेने १९८६ साली चॉकलेटचा कारखाना काढला. शेतकऱ्यांच्या मालकीचा चॉकलेट कारखाना! आपल्या सहकारी साखर कारखान्यांच्या मुलखाला याचं अप्रूप वाटायला हरकत नाही.

आता मुद्द्याकडे येते. चॉकलेटचे जे काही गुण आहेत ते कोकोचे आहेत, आणि आपण मुलांच्या हातात देतो त्या वडीत कोको अगदी थोडा असतो. वेष्टनाच्या मागे बारीक अक्षरांत घटक लिहिलेले असतात. जो पदार्थ सगळ्यात जास्त, तो पहिला, असा कायद्याने ठरलेला क्रम आहे. बहुतेक मिल्क चॉकलेटांवर पहिलं नाव साखरेचं असतं. १०० ग्रॅम मिल्क चॉकलेटमध्ये जवळपास निम्मी साखर, ३० ग्रॅमच्या आसपास चरबी आणि जेमतेम सात-आठ ग्रॅम प्रथिनं. उष्मांक सव्वापाचशेच्या पुढे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सांगितलं, की वरून घातलेली साखर मोठ्या माणसानेही दिवसाला २५ ग्रॅम, म्हणजे सहा चमच्यांच्या आत ठेवली तर उत्तम. चहाचे तीन कप झाले की आपले ते चमचे संपतात, चॉकलेट पुढेच राहिलं.

तुलनेसाठी शेंगदाणे घ्या. १०० ग्रॅममध्ये साधारण २५ ग्रॅम प्रथिनं. चिक्कीतला गूळही शेवटी साखरेचाच भाऊ, हे खरं. पण चिक्कीत निदान निम्मे दाणे दिसतात तरी!

पांढरं चॉकलेट म्हणून जे मिळतं त्यात फक्त कोकोची चरबी असते, तपकिरी भाग नसतोच. आणि स्वस्तातल्या वड्यांमध्ये ती चरबीही नसते, तिच्याजागी वनस्पती तेल असतं. त्याला व्यापारात कंपाउंड म्हणतात. बचत गटातल्या बऱ्याच मैत्रिणी साच्यात घालून 'होममेड चॉकलेट' विकतात ना, ती बहुधा याच कंपाउंडची लादी वितळवून केलेली असतात. काम सोपं, पटकन घट्ट होतं, उन्हात टिकतं, चार पैसे सुटतात. त्यात गैर काही नाही. फक्त 'पौष्टिक' म्हणून विकू नका, एवढीच विनंती.

मग हृदयाला चांगलं हे सगळं खोटं का? अगदी तसंही नाही. कोकोत फ्लॅव्हनॉल नावाची द्रव्यं असतात, ती रक्तवाहिन्या लवचीक ठेवायला मदत करतात. रोज २०० मिलिग्रॅम फ्लॅव्हनॉलचा असा उपयोग होतो, हे युरोपच्या अन्न सुरक्षा संस्थेने २०१२ मध्ये मान्य केलं. पण त्यासाठी ही द्रव्यं मुद्दाम टिकवून ठेवलेला कोको लागतो. बाजारातला पुष्कळसा कोको रंग गडद आणि चव सौम्य व्हावी म्हणून क्षार घालून तयार करतात. त्यात ही द्रव्यं बरीचशी नष्ट होतात. अमेरिकेत २१ हजारांहून अधिक ज्येष्ठांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२२ साली आले. त्यांना कोकोच्या अर्काच्या गोळ्या दिल्या होत्या. हृदयविकाराने होणारे मृत्यू त्या गटात कमी दिसले, पण हृदयविकाराच्या एकूण घटनांमध्ये खात्रीने म्हणावा असा फरक पडला नाही. आणि लक्षात घ्या, ते अर्क घेत होते, मिठाईच्या दुकानातली वडी नव्हे.

गडद, म्हणजे सत्तर टक्क्यांवर कोको असलेल्या चॉकलेटमध्ये साखर कमी, मॅग्नेशियम भरपूर आणि लोहही बरंच असतं. १०० ग्रॅममागे बारा मिलिग्रॅमच्या आसपास. हा आकडा वाचून हुरळून जाऊ नका. एकतर १०० ग्रॅम कोणी खात नाही, आणि खाऊही नये, कारण त्यात सहाशे उष्मांक असतात. दुसरं म्हणजे, चहासारखीच कोकोतलीही तुरट द्रव्यं लोहाला धरून ठेवतात आणि ते अंगी लागू देत नाहीत.

हे मी एवढं घोळवून सांगते आहे, कारण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) आपल्या राज्यातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. शाळेतून मुलींना लोहाची गोळी मिळते. ती घरी आणलीच तर कित्येक आया चॉकलेटच्या पावडरीच्या दुधाबरोबर देतात, गोळीची चव लागू नये म्हणून. हेतू चांगला, पण दुधातलं कॅल्शियम आणि कोको दोघंही लोहाच्या वाटेत आडवे येतात. गोळी जेवणानंतर लिंबूपाण्याबरोबर द्या. दूध, चहा, कोको या गोष्टी दोन तासांनी.

त्या पावडरीच्या डब्यांचंही बघा. महिन्याच्या किराण्यात त्यावर चांगलीच रक्कम जाते, आणि ती वाचवायला घरात अंडी कमी येतात, हे मी वस्तीत पाहिलेलं आहे. डब्यामागे 'अ‍ॅडेड शुगर' अशी ओळ असते. तिथे १०० ग्रॅमला ३० च्या वर आकडा दिसला तर डब्याचा जवळजवळ तिसरा हिस्सा साखर आहे असं समजा. अन्न सुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' अशी व्याख्याच नाही. म्हणून एप्रिल २०२४ मध्ये केंद्रीय वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक'च्या यादीतून काढायला सांगितलं. मुलाला चॉकलेटचं दूध आवडतच असेल तर बिनसाखरेची कोको पावडर आणा. कपभर दुधाला पाऊण चमचा कोको, थोड्या कोमट दुधात आधी कालवून घ्यायचा म्हणजे गुठळ्या होत नाहीत. साखर किती ते आपल्या हातात राहतं, आणि हळूहळू अर्ध्या चमच्यावर आणता येते.

कोकोत कॅफिन असतं, म्हणून लहान मुलांना रात्री झोपताना नको. घरात कुत्रा असेल तर त्याला तुकडाही देऊ नका, त्याच्यासाठी ते विष आहे.

आणखी एक नेहमीचा प्रश्न. उन्हाळ्यात वडीवर पांढरट थर येतो, तेव्हा बुरशी आली म्हणून आपण ती टाकून देतो. बहुतेक वेळा ती बुरशी नसते. उष्णतेने चरबी वितळून वर येते आणि पुन्हा गोठते, त्याचे ते डाग. वास नीट असेल, मुदत संपलेली नसेल, जाळी किंवा कीड दिसत नसेल, तर खायला हरकत नाही. चव मात्र भुरभुरीत लागते. अशी वडी किसून केकच्या पिठात घातली तर कुणाला कळतही नाही.