सार्वजनिक चित्रसंग्रह : जमविणे, राखणे आणि दाखविणे

खाजगी संग्राहकाला आपल्या संग्रहाविषयी कोणाला जाब द्यावा लागत नाही. कोणते चित्र घ्यावे, ते कोठे लावावे, कोणाला दाखवावे आणि मनात आल्यास केव्हा विकावे, हा सर्वस्वी त्याच्या रुचीचा व ऐपतीचा प्रश्न असतो. सार्वजनिक चित्रशाळेची गोष्ट निराळी. तिच्यातील प्रत्येक चित्र लोकांच्या मालकीचे असते. आणि या लोकांत आज हयात असलेल्यांबरोबर पुढे जन्मास येणाऱ्यांचाही समावेश होतो. आजच्या मालकाला ते पाहावयाचे असते, उद्याच्या मालकासाठी ते राखावयाचे असते. या दोन हक्कांचा मेळ घालणे हेच अशा संस्थेचे मुख्य कार्य होय. ते प्रत्यक्षात कसे चालते, हे लंडन येथील राष्ट्रीय चित्रशाळेच्या दोनशे वर्षांच्या इतिहासावरून चांगले ध्यानात येते.

युरोपातील अनेक मोठे चित्रसंग्रह राजघराण्यांच्या संपत्तीतून निर्माण झाले. इंग्लंडात तसे घडले नाही. राजाची चित्रे राजाकडेच राहिली. १७७७ मध्ये जॉन विल्क्स याने वॉल्पोल घराण्याचा प्रसिद्ध संग्रह राष्ट्रासाठी विकत घ्यावा, असे पार्लमेंटात सुचविले होते. ती सूचना मानली गेली नाही आणि १७७९ मध्ये तो संग्रह रशियाची सम्राज्ञी कॅथरिन हिने नेला. पुढे १८२४ मध्ये जॉन ज्यूलियस अँगरस्टीन या दिवंगत पेढीवाल्याची ३८ चित्रे ५७,००० पौंडांस घेण्यास पार्लमेंटाने मान्यता दिली. त्याच वर्षीच्या मे महिन्यात पॅल मॅल रस्त्यावरील त्याच्याच घरात ती लोकांसाठी खुली करण्यात आली. १८३८ मध्ये ट्रफाल्गर चौकात स्वतंत्र इमारत उभी राहिली. पश्चिमेकडील श्रीमंतांना गाडीतून आणि पूर्वेकडील गरिबांना पायी येता यावे, असा ती जागा निवडण्यामागे विचार होता.

संग्रह वाढण्याचे मार्ग मुख्यतः तीन : देणगी, मृत्युपत्राने दिलेले दान आणि खरेदी. देणगी फुकट मिळते हे खरे, परंतु ती क्वचितच बिनशर्त असते. सर जॉर्ज बोमंट याने आपली चित्रे देऊ केली, ती सरकारने अँगरस्टीनचा संग्रह घ्यावा आणि योग्य इमारतीची तरतूद करावी या अटीवर. संस्थेच्या स्थापनेला या अटीनेच मोठी चालना दिली. टर्नर या चित्रकाराने आपली दोन चित्रे क्लोद लोरँच्या दोन चित्रांशेजारी टांगली जावीत, असे मृत्युपत्रात लिहून ठेवले आणि चित्रशाळेने ती इच्छा पाळली. म्हणजे भिंतीवरील मांडणीही कधीकधी दात्याच्या लेखणीने ठरते. याउलट, सर ह्यू लेन १९१५ मध्ये लुसिटानिया जहाजाबरोबर बुडाले तेव्हा त्यांच्या ३९ चित्रांविषयीच्या पुरवणी मृत्युपत्रावर साक्षीदाराची सही नव्हती. ती चित्रे डब्लिनला द्यावीत असे त्यात म्हटले होते. कायद्याने ती लंडनला मिळाली. या वादात चित्रे आळीपाळीने दाखविण्याचा करार होण्यास १९५९ साल उजाडले.

देणगीवर विसंबणाऱ्या संग्रहात दात्यांची रुची प्रतिबिंबित होते. कलेचा इतिहास त्यात क्रमाने उमटतोच असे नाही. हे उणेपण भरून काढण्यासाठी विचारपूर्वक खरेदी करावी लागते, आणि तिला जाणकार माणूस लागतो. १८४५ मध्ये होल्बाइनचे म्हणून घेतलेले एक चित्र त्याचे नसल्याचे लवकरच उघड झाले आणि संस्थेवर मोठी टीका झाली. त्या वेळी चित्रशाळेची व्यवस्था पाहणारे चार्ल्स ईस्टलेक हेच पुढे १८५५ मध्ये पहिले संचालक झाले, ही गोष्ट लक्षणीय आहे. त्यांना खरेदीचे व्यापक अधिकार आणि सालीना १०,००० पौंड मिळाले. ते दरवर्षी इटलीत हिंडत आणि चित्रांची स्थिती, कर्तृत्व व पूर्वेतिहास यांची बारकाईने टिपणे ठेवीत. १८५७ मध्ये वेरोनेझेच्या एका भव्य चित्रासाठी १३,६५० पौंड मोजावे लागले, कारण वेरोनेझेची थोरवी सर्वमान्य होती. पिएरो देल्ला फ्रान्चेस्काचे ख्रिस्ताच्या बाप्तिस्म्याचे चित्र १८६१ मध्ये अवघ्या २४१ पौंडांस मिळाले, कारण त्याची महती तेव्हा थोड्यांनाच उमगली होती. आज तेच चित्र या संग्रहाचे भूषण मानले जाते. बाजाराला किंमत कळण्यापूर्वी गुण ओळखणे हाच मर्यादित निधीवर चालणाऱ्या संस्थेचा खरा आधार असतो. संधी गेल्यावर काय पडते, हे २००९ मध्ये दिसले. त्या वर्षी टिशियनच्या एकाच चित्रासाठी लंडन व स्कॉटलंड येथील राष्ट्रीय चित्रशाळांना मिळून ५ कोटी पौंड उभारावे लागले.

ही जबाबदारी आणखी एका कारणाने वाढते. १९९२ च्या कायद्यान्वये विश्वस्तांना संग्रहातील चित्र विकता येत नाही. फार तर दुसऱ्या राष्ट्रीय संस्थेकडे सोपविता येते. त्यामुळे चुकीची खरेदीही जन्माची सोबतीण होते. परंतु एका पिढीने टाकाऊ ठरविलेले चित्र पुढच्या पिढीला मोलाचे वाटू शकते, हे ध्यानात घेता हे बंधन शहाणपणाचेच म्हटले पाहिजे.

मांडणीचे शास्त्रही हळूहळू घडत गेले. प्रारंभी चौकटीला चौकट भिडवून चित्रे छतापर्यंत लावीत. वरच्या रांगेतील चित्र दिसे, पण वाचता येत नसे. पुढे चित्र डोळ्यांच्या पातळीवर असावे, दोन चित्रांत मोकळी भिंत असावी आणि ती देशपरत्वे वा संप्रदायपरत्वे लावावीत, हे तत्त्व रूढ झाले. १९९१ मध्ये नवी सेन्सबरी शाखा उघडल्यावर संप्रदायांच्या भिंती बाजूस सारून सर्व युरोपीय चित्रे कालानुक्रमे मांडण्यात आली. प्रत्येक मांडणी हे एक विधानच असते : कोणते चित्र कोणाशेजारी, यावरून प्रेक्षकाच्या मनात कलेचा इतिहास आकार घेतो.

दाखविणे आणि राखणे यांतील विरोध येथेच तीव्र होतो. लंडनच्या कोळशाच्या धुराने व गर्दीच्या श्वासाने चित्रे काळवंडत, म्हणून १८५० मध्ये मायकेल फॅरेडे यांच्यासारख्या शास्त्रज्ञाचा सल्ला घेण्यात आला आणि अनेक चित्रांवर काच बसविण्यात आली. संग्रह शहराबाहेरच्या स्वच्छ हवेत हलवावा, अशीही सूचना पुढे आली. तिच्यावर न्यायमूर्ती कोलरिज यांनी १८५७ मध्ये मांडलेले मत मननीय आहे. त्यांच्या मते, चित्रे टिकून राहणे हे साध्य नसून लोकांना उन्नत आनंद मिळावा यासाठीचे ते साधन आहे. चित्रशाळा जागची हलली नाही.

या तत्त्वाची कसोटी दुसऱ्या महायुद्धात लागली. चित्रे लंडनबाहेर काढून १९४१ मध्ये वेल्समधील मनोद येथील पाटीच्या दगडाच्या खाणीत ठेवण्यात आली. राखण्याच्या दृष्टीने हे निर्दोष होते, पण शहरात बॉम्ब पडत असताना भिंती मात्र रिकाम्या होत्या. १९४२ च्या आरंभी वृत्तपत्रातून लोकांनी निदान एखादे चित्र पाहावयास मिळावे अशी मागणी केली. संचालक केनेथ क्लार्क यांनी दरमहा एक चित्र खाणीतून आणून लावण्यास प्रारंभ केला. टिशियनच्या एका चित्राने त्या मालिकेची सुरुवात झाली. एकेका चित्रासाठी लोक गर्दी करीत. दुसरीकडे, खाणीतील स्थिर तपमानात व आर्द्रतेत चित्रांची प्रकृती सुधारते, हा अनुभव पुढे चित्रशाळेतील वातानुकूलनास उपयोगी पडला. दाखविण्याने राखण्याला आणि राखण्याने दाखविण्याला शिकविले, ते असे.

आपल्याकडेही हा प्रश्न अपरिचित नाही. सयाजीराव गायकवाडांनी बडोद्यास बांधविलेली चित्रशाळा १९१४ मध्ये पूर्ण झाली, परंतु तिच्यासाठी युरोपात निवडलेली चित्रे पहिल्या महायुद्धामुळे अडकून पडली आणि ती १९२१ मध्ये उघडली. कोणत्याही सार्वजनिक चित्रशाळेचे मूल्यमापन करताना चित्रांची नुसती गणती पुरत नाही. ती कोणत्या मार्गाने आली, कोणी कोणत्या ज्ञानाच्या बळावर निवडली, त्यांतील किती लोकांच्या दृष्टीस पडतात आणि शंभर वर्षांनी ती कोणत्या स्थितीत असतील, हे चार प्रश्न विचारावयास हवेत. त्यांची उत्तरे मागण्याचा अधिकार प्रेक्षकाला आहे, कारण तो त्या संग्रहाचा मालक आहे.