रानकुत्रा, वाघ आणि गाय
चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातला रानकुत्रा शीळ घालून सोबत्यांना बोलावतो, दिवसाउजेडी कळपाने चितळ पाडतो आणि त्याचा जीव जाण्याआधीच खायला लागतो. इंग्रज शिकाऱ्यांनी त्याला क्रूर ठरवले आणि तो हरणांचा नाश करतो म्हणून सरकारने त्याला मारणाऱ्यांना इनाम दिले. पुढे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला अभय मिळाले. आज ताडोब्यात वाघ, बिबट्या आणि रानकुत्रा तिघेही चितळावर जगतात, तरी चितळ टिकून आहे.

गुरांचे तसे नाही. वनालगतच्या गावांची गुरे जंगलातच चरतात आणि सावध सांबरापेक्षा वाघाला गाय सोपी पडते. पक्का गोठा रात्रीच्या बिबट्याला अडवतो, पण दिवसा रानात चरणारी गाय उघडीच राहते. तिच्या मालकाला आधार उरतो तो भरपाईचा. त्यासाठी पंचनामा होईपर्यंत मेलेले जनावर जागचे हलवायचे नसते. भरपाई मिळेल याचा भरवसा उरला नाही, की कोणी त्याच जनावरात विष कालवतो. मग वाघाबरोबर कोल्हा, गिधाडही मरते. म्हणून वेळेवर झालेला पंचनामा हेही वाघाचे संरक्षणच आहे.