वांझ गवताने खाडी कशी व्यापली?

इंग्लंडच्या साउदॅम्प्टन खाडीत 19व्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेहून स्पार्टिना गटातले एक गवत आले. तिथल्या मूळच्या स्पार्टिनाशी त्याचा संकर झाला आणि 1870 मध्ये ते संकरित गवत प्रथम नोंदवले गेले. पण ते वांझ होते. आईबापांकडून आलेली गुणसूत्रे एकमेकांशी नीट जुळत नव्हती; जोड्या जमल्याशिवाय सकस परागकण आणि बीजांडे तयार होत नाहीत.

मग 1890च्या सुमारास निसर्गानेच तोडगा काढला. एका रोपात गुणसूत्रांची संख्या साधारण 60 वरून 120 च्या घरात गेली. आता प्रत्येक गुणसूत्राला जोडीदार मिळाला, बी धरू लागले आणि 'स्पार्टिना अँग्लिका' ही नवी जात चिखलपट्ट्या व्यापत सुटली. किनाऱ्याची धूप थांबावी म्हणून माणसानेच ती अनेक देशांत लावली. चिखलात चरणाऱ्या पक्ष्यांची जागा तिने हिरावली.

गुणसूत्रे वाढली की आक्रमण होतेच, असे मात्र नाही. उलट जनुकसंच, म्हणजे पेशीतला एकूण डीएनए, लहान असेल, तर पेशी भराभर विभागतात आणि रोप लवकर वाढते. अनेक तणांना तोही गुण उपयोगी पडतो. म्हणूनच परकी वनस्पती लावण्यापूर्वी तिची गुणसूत्रे आणि तिच्याशी संकर होऊ शकेल असे तिथले नातलग दोन्ही तपासायला हवेत.